खिडकीतून येणारं ऊन: आधी बाहेर अडवा, काच बदलायचं नंतर बघा

घर तापायला लागलं की डोक्यात दोनच गोष्टी येतात, एकतर मोठा एसी नाहीतर सगळ्या खिडक्या बदलून टाकणं. आणि खिडक्यांचं काम करणारा माणूस घरी बोलावला की तो डबल काच, भारीतली फ्रेम असंच दाखवणार, त्याचा धंदाच तो आहे, त्यात त्याची चूक नाही. पण कडक उन्हाच्या ठिकाणी क्रम उलटा लावायचा असतो. ऊन काचेला लागायच्या आधी बाहेरच अडवायचं, जिथे ते जमत नाही तिथे काचेवर फिल्म आणि आतून पडदा, आणि खिडकी बदलणं सगळ्यात शेवटी, तेही जिला खरंच गरज आहे तिलाच. खाली त्याच क्रमाने लिहितोय, ज्यांनी यातलं आजवर काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी.

थोडी आकडेमोड आधी करू, म्हणजे पुढचं सगळं का ते कळेल. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला साधारण ६०० वॅट ऊन पडतं. दीड मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच अशी खिडकी धरली आणि तिला साधी काच असली तर त्यातलं ८५ टक्क्यांच्या आसपास आत येतं, म्हणजे साडेनऊशे वॅट झाले. भर उन्हाळ्यात खोलीत हजार वॅटचा हीटर लावून बसल्यासारखंच हे. एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर फेकतो, त्याची पाव ताकद ही एकटी खिडकी खाते.

आणि हे ऊन आत आलं की परत जात नाही. ते फरशीवर, गादीवर, पडद्यावर पडतं, त्या वस्तू तापतात आणि मग त्यांच्यातून जी उष्णता निघते तिला काचेतून आरपार बाहेर पडता येत नाही. म्हणूनच आतला पडदा कितीही जाड असला तरी तो थोडा उशिरा आल्यासारखाच असतो, ऊन तोवर घरात आलेलं असतं.

पायरी १: खिडक्यांची हजेरी घ्या

काही विकत घ्यायच्या आधी एक पूर्ण दिवस फक्त बघायचं. कागदावर घरातल्या सगळ्या खिडक्या लिहा आणि प्रत्येकीसमोर दिशा, ऊन किती वाजता सुरू होतं, किती वाजता जातं, समोर झाड किंवा इमारत आहे का, काच कसली आहे, आणि खिडकी नीट बंद होते का एवढं मांडा. दिशेसाठी मोबाईलमधलं होकायंत्र चालतं पण लोखंडी ग्रिलला चिकटून उभं राहिलात तर ते काहीही दाखवतं, तेव्हा खोलीच्या मधे येऊन बघा. हे काम उन्हाळ्यातच करायचं, कारण हिवाळ्यातलं ऊन वेगळ्या कोनातून येतं आणि तेव्हाची नोंद उन्हाळ्याला उपयोगाची नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की ज्या खिडकीत दिवसभर उजेड असतो तीच घर तापवते. तसं नसतं. उजेड सगळीकडून येतो, तापवतं ते थेट फरशीवर पडणारं ऊन. विषुववृत्ताच्या उत्तरेला राहत असाल तर दक्षिणेच्या खिडकीला उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य इतका डोक्यावर असतो की ऊन जेमतेम आत शिरतं. खरा त्रास पूर्वेचा आणि त्याहून जास्त पश्चिमेचा, कारण तिथे सूर्य खाली आलेला असतो आणि ऊन आडवं थेट खोलीत घुसतं, त्यात संध्याकाळपर्यंत बाहेरची हवा आणि भिंतीही तापलेल्या असतात. दक्षिण गोलार्धात उत्तर-दक्षिण उलटं धरा, पूर्व-पश्चिम तेच. आणि कर्कवृत्त-मकरवृत्ताच्या मधल्या पट्ट्यात असाल तर अजून एक गंमत, तिथे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि मधले काही आठवडे पलीकडच्या बाजूला जातो. म्हणजे २० अंश उत्तर अक्षांशावर जूनमध्ये दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, आणि एरवी सावलीत असलेल्या उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ ऊन येतं.

ही यादी न करता काम काढलं की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होतं, हॉलची मोठी खिडकी दिसते म्हणून ती बदलली जाते आणि बेडरूम पश्चिमेची ती तशीच भाजत राहते.

पायरी २: बाहेरची सावली

इथे सगळ्यात जास्त फायदा आहे, म्हणून इथेच जास्त डोकं लावा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीत खिडकीवरून समोर खाली उतरणाऱ्या कापडी छपरामुळे, म्हणजे ऑनिंगमुळे, आत येणारी उन्हाची उष्णता दक्षिणेच्या खिडकीत ६५ टक्क्यांपर्यंत आणि पश्चिमेच्या खिडकीत ७७ टक्क्यांपर्यंत कमी होते असं दिलंय. आतल्या पडद्याचा आकडा पुढे येईल, तुलना करून बघा.

छज्जा किती बाहेर हवा याचा हिशोब सोपा आहे. खिडकीची उंची भागिले सूर्याच्या उंचीच्या कोनाचा टॅन्जंट, शाळेतलाच, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरमध्ये असतो. समजा खिडकी ४ फूट उंच आहे आणि छज्जा तिच्या अगदी वरच्या कडेला आहे. सूर्य समोर ७५ अंशावर असेल तर ४ भागिले ३.७३, म्हणजे फूटभर छज्जा पुरे. ६० अंशावर असेल तर सव्वादोन फुटांच्या थोडा वर. आता पश्चिमेला संध्याकाळी सूर्य ३० अंशावर आलेला असतो, तिथे हेच गणित केलं की जवळजवळ ७ फूट येतं, आणि १५ अंशाला १५ फूट. एवढा छज्जा कोण बांधणार? त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा वाढवायच्या नादी लागू नका, तिथे समोरून उभं काहीतरी लागतं.

उभं म्हणजे काय तर बांबूचा चिक, शेडनेट, बाहेरून बसणारं रोलर ब्लाइंड, फिरत्या पट्ट्यांचं लूव्हर, उभ्या फळ्या, किंवा जाळीवर चढवलेली वेल. यातलं सगळ्यात स्वस्तात आणि एका दिवसात होणारं म्हणजे शेडनेट. नेट ५०, ७५, ९० टक्के अशा सावलीच्या प्रमाणात मिळते, ७५ ची घेतली तर उजेडही राहतो आणि बाहेरचं थोडंफार दिसतंही. ती काचेला चिकटवून लावू नका, मधे निदान वीतभर मोकळी जागा ठेवा आणि वरची-खालची बाजू उघडी राहू द्या, म्हणजे मधली तापलेली हवा वरून निघून जाते, नाहीतर तापलेली नेट आणि काच यांच्यात गरम हवेचा थर अडकून बसतो. ऑनिंगचंही तेच, भिंतीला लागून वर थोडी फट हवी.

वाऱ्याचा विचार आधीच करा. चिक किंवा नेट फक्त वरून टांगली की पहिल्या वादळात ती पतंग होते, म्हणून खालच्या कडेला पाइप नाहीतर लाकडी पट्टी घालून दोन्ही कोपरे ग्रिलला बांधा, गाठ अशी मारा की वादळाच्या दिवशी आतून सोडता येईल. आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर बाहेरचं काम खिडकीत उभं राहून, बाहेर वाकून स्वतः करू नका. दोरीचा पट्टा आणि सवय असलेला माणूस बोलवा, यात पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही. इमारतीचे बाहेरच्या दर्शनी भागाबद्दल नियम असतील तर तेही आधी विचारून घ्या, भाड्याचं घर असेल तर मालकालाही.

वेल लावायची असेल तर पानगळीची निवडा, उन्हाळ्यात सावली देते आणि थंडीत पानं झडली की ऊन आत येतं. भिंतीवर थेट चढवू नका, समोर जाळी उभी करून तिच्यावर चढवा. फक्त सावली मिळायला एकदोन वर्षं जातात, तोवर नेट आहेच.

पायरी ३: आतले पडदे

बाहेर काही लावणं शक्यच नसेल तर आतून. वर म्हटलं त्याच खात्याच्या मते मध्यम रंगाचा पडदा आणि त्याला मागून पांढरं प्लास्टिकचं अस्तर असेल तर उष्णता ३३ टक्क्यांपर्यंत कमी होते. म्हणजे उपयोग आहे, पण बाहेरच्या सावलीच्या निम्मा. पडद्याची जी बाजू काचेकडे असते तिचा रंग महत्त्वाचा, खोलीकडचा तुम्हाला हवा तो ठेवा. गडद ब्लॅकआउट पडदा अंधार मस्त करतो पण ऊन पिऊन स्वतःच तापतो आणि ते खोलीतच सोडतो. पडदा काचेच्या जवळ, बाजूंनी भिंतीला टेकलेला आणि खाली कट्ट्यापर्यंत असावा.

ब्लाइंड घेतलात आणि घरात लहान मूल असेल तर लोंबती दोरी नको, विनादोरीचंच घ्या. त्या दोरीच्या फासात गळा अडकून मुलं दगावलेली आहेत, ही उगाच घाबरवायची गोष्ट नाही.

पायरी ४: काचेवर फिल्म

फिल्म विकताना तीन आकडे सांगतात आणि त्यातला जो सगळ्यात मोठा तोच ओरडून सांगतात. "९९ टक्के यूव्ही बंद", हे खरं असतं पण उन्हातल्या एकूण ऊर्जेत यूव्हीचा वाटा पाचेक टक्केच आहे, त्याने कातडी आणि कापड यांचा फायदा होतो, खोली थंड होत नाही. "९० टक्के इन्फ्रारेड बंद" हे ऐकायला भारी वाटतं, पण इन्फ्रारेड म्हणजे उन्हातली निम्मी ऊर्जा, आणि कित्येकदा तो आकडा एकाच तरंगलांबीवर मोजलेला असतो. तुम्ही विचारायचा तो आकडा म्हणजे टीएसईआर, एकूण सौरऊर्जेतली किती बाहेर राहते तो. सोबत व्हीएलटी, म्हणजे उजेड किती आत येतो तो. हे दोन लेखी घ्या, बाकीचे ऐकून सोडून द्या.

आरशासारखी चमकणारी फिल्म दिवसा बाहेरच्याला आतलं दिसू देत नाही. रात्री आत दिवे लागले की गणित फिरतं, तुम्हाला काचेत स्वतःचं तोंड दिसतं आणि बाहेरच्याला तुमचं घर. त्यामुळे फिल्म लावली म्हणून पडदे काढून टाकू नका.

एक धोका आहे तो नीट समजून घ्या. गडद, ऊन शोषणारी फिल्म लावली की काचेचा मधला भाग तापतो आणि फ्रेममध्ये दडलेली कड गारच राहते, त्या ताणाने काच तडकू शकते. साधी पातळ एकेरी काच असेल तर सहसा काही होत नाही. पण आत तार असलेली काच, जाड रंगीत काच, किंवा डबल ग्लेझिंग, म्हणजे मधे हवेची फट ठेवून बसवलेल्या दोन काचा, असेल तर त्या काचेला ती फिल्म चालते का हे कंपनीच्या तक्त्यात बघूनच पुढे जा. कड आधीच टवका उडालेली असेल तर अजिबात नको.

स्वतः लावायची असेल तर छोट्या खिडकीपासून सुरुवात करा. दोन माणसं लागतात, एकट्याने करायला गेलात तर फिल्म स्वतःवरच चिकटते. पंखा बंद, काचेवर ऊन नसेल अशी वेळ, म्हणजे पश्चिमेची खिडकी सकाळी. बाटलीत पाणी आणि त्यात बेबी शाम्पूचे काही थेंब. काच धुवा, रंगाचे शिंतोडे ब्लेडने खरवडा (काचेवर आधीच कोटिंग असेल तर ब्लेड लावू नका), आणि फ्रेमच्या रबराच्या खाचेतली धूळ ओल्या कपड्याने काढा, बरेचसे बुडबुडे खरं तर धुळीचे कण असतात आणि ते त्याच खाचेतून येतात. फिल्म चारी बाजूंनी इंचभर जास्त कापा. मागचा पारदर्शक कागद सुटत नाही, त्याला युक्ती अशी की कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना सेलोटेपचे दोन तुकडे लावून ओढायचं. जसजसा सुटेल तसतसा दुसऱ्याने गोंदाच्या बाजूवर पाणी मारत जायचं, कंजूषी नको, काचही ओलीचिंब हवी. मग फिल्म काचेवर ठेवा, ओली आहे तोवर ती सरकते, जागेवर आणा, वरून परत पाणी मारा आणि रबरी वायपरने मधून कडेकडे पाणी काढा. कड कापताना फ्रेमपासून एकदोन मिलिमीटर फट सोडा, पाणी तिथूनच निघतं, आणि फिल्म रबराला टेकली तर नंतर तिथूनच सुटायला लागते. पुढचे काही दिवस धुकट आणि पाण्याचे छोटे फुगे दिसतील, ते आपोआप जातात, टाचणी घेऊन बसू नका. महिनाभर काच पुसायची नाही, आणि नंतरही अमोनियावाला ग्लास क्लीनर वापरायचा नाही.

पायरी ५: खिडकी बदलायचीच असेल तर

फ्रेम सडलीय, झडप बंद होत नाही, पाणी आत येतं, किंवा पुढे-मागे घराचं काम निघालंच आहे, अशा वेळी बदला आणि बदलताना एकदाच नीट बदला.

आधी काच. डबल ग्लेझिंगचं नाव थंड देशांत झालं, तिथे घरातली ऊब बाहेर जाऊ नये हा प्रश्न असतो. आपला प्रश्न उन्हाचा. बाहेर ४२ अंश, आत २७, तर साध्या एकेरी काचेतून नुसत्या तापमानाच्या फरकामुळे चौरस मीटरला ८५-९० वॅट येतात, साधी डबल काच लावली तर ते चाळीसेक होतात, म्हणजे पंचेचाळीस वाचले. पण त्याच काचेवर ६०० वॅट ऊन पडत असेल तर एकेरी काचेतून पाचशेच्या वर आत येतात आणि साध्या डबल काचेतूनही साडेचारशे. तेव्हा नुसती "डबल" विचारू नका, एसएचजीसी किती ते विचारा. हा आकडा ० ते १ असतो, म्हणजे पडलेल्या उन्हातलं किती आत येतं ते. साधी काच ०.८५ च्या आसपास, चांगली सोलर-कंट्रोल लो-ई काच, म्हणजे ऊन परतवणारा अगदी पातळ, न दिसणारा थर दिलेली काच, ०.२५ ते ०.३० पर्यंत येते, आणि तिथे वरचे पाचशे दीडशे-पावणेदोनशेवर येतात. पूर्व-पश्चिमेला ०.३० च्या खालीच घ्या. उजेडाचा आकडा ४० ते ६० टक्के असला की खोली गुहेसारखी वाटत नाही.

लो-ई चा थर डबल काचेत बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा. बाहेरून मोजलं तर दुसरा पृष्ठभाग. काच उलटी बसवली जाऊ शकते, म्हणून बसवायच्या आधी तपासा, संध्याकाळी मोबाईलचा टॉर्च काचेसमोर धरा, चार प्रतिबिंबं दिसतील आणि त्यातलं एक वेगळ्या रंगाचं, थर तिथे आहे. बाहेरच्या बाजूने धरलात तर तुमच्यापासून दुसरं वेगळं दिसायला हवं.

जुन्या फ्रेमची खाच अरुंद असते, त्यात डबल काच बसत नाही, पण एकेरी सोलर-कंट्रोल काच बसू शकते, फ्रेम चांगली असेल तर तेवढ्यावरही भागतं. टफन काच, म्हणजे तापवून मजबूत केलेली, मात्र मागवताना माप पक्कं करा, टफन झाल्यावर ती कापता येत नाही, एक सूतभर मोठी आली तरी ती वायाच.

फ्रेममध्ये अॅल्युमिनियम मजबूत आणि सडपातळ पण उष्णता सरळ आत आणतं, एसीच्या खोलीत घ्यायचंच तर थर्मल ब्रेकवालं, म्हणजे मधे उष्णता अडवणारी पट्टी असलेलं. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक, उष्णता अडवतं, फक्त आत स्टीलची पट्टी आहे ना बघा आणि कडक उन्हात गडद रंग टाळा, तापून वाकतं. लाकूड उत्तम, देखभाल करणार असाल तर. दोन झडपांची स्लायडिंग खिडकी कितीही मोठी घेतली तरी एका वेळी निम्मीच उघडते, रात्रीचा गार वारा हवा असेल तर दरवाजासारखी उघडणारी घ्या, ती बंदही घट्ट होते.

माप घेताना भिंतीतल्या गाळ्याची रुंदी वर, मधे, खाली अशी तीनदा आणि उंचीही तीनदा मोजायची, सगळ्यात लहान माप धरायचं आणि त्यातून प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर सोडायचे. दोन्ही कर्ण मोजा, फरक जास्त निघाला तर गाळा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही, आधी गवंडी बोलवा. मोकळी जागा सोडायची कारण यूपीव्हीसी तापून वाढतं, दोन मीटरची फ्रेम ४० अंशांच्या फरकाला पाचेक मिलिमीटर लांब होते.

बसवताना शक्यतो घरी थांबा. फ्रेम ओळंब्यात आणि लेव्हलमध्ये येईपर्यंत स्क्रू आवळू देऊ नका. फटीत पीयू फोम, म्हणजे फवारल्यावर फुगून फट भरणारा फेस, तो वाळल्यावर कापून झाकायचा, उघडा राहिला तर उन्हात त्याचा भुगा होतो. बाहेरून न्यूट्रल सिलिकॉन, व्हिनेगरसारखा वास येणारं ते आम्लाचं, सिमेंट-दगडाला चालत नाही. खालचा कट्टा बाहेरच्या बाजूला उतरता. फ्रेमच्या खालच्या पट्टीत बाहेरून छोटी भोकं असतात, ती पाणी जायची, उत्साही कारागीर त्यांनाही सिलिकॉन मारून टाकतो, लक्ष ठेवा. आणि फ्रेमवरचा संरक्षक प्लास्टिकचा कागद त्याच आठवड्यात काढा, राहू दे म्हणाल तर त्याचा गोंद उन्हात भाजून निघतो आणि मग तो नखाने टवके टवके काढत बसावं लागतं. बेडरूमच्या ग्रिलचा निदान एक भाग आतून उघडणारा ठेवायला सांगा, आग लागली तर तीच वाट.

पैसे द्यायच्या आधी दोन गोष्टी करून बघा. झडपेत कागद धरून खिडकी बंद करा आणि ओढा, सहज निघाला तर रबर टेकत नाहीये, अशी चारी बाजूंनी तपासा. मग खालच्या खाचेत तांब्याभर पाणी ओता, ते बाहेरच्या भोकांतून मिनिटभरात गेलं पाहिजे, आत भिंतीला ओल दिसली तर माणूस जाऊ देऊ नका.

वापरताना

कोरडा उन्हाळा असेल तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम झाली की खिडक्या बंद आणि सावली पूर्ण खाली, रात्री हवा उतरली की समोरासमोरच्या दोन्ही उघड्या. दमट हवेत एसी नसेल तर दिवसाही वारा खेळता लागतो, तिथे सावली ठेवून खिडकी उघडी. पूर्वेची सावली सकाळी उठल्या उठल्या आणि पश्चिमेची जेवणं उरकली की लगेच खाली घ्या, चार वाजता आठवण येऊन उपयोग नाही. नेट महिन्यातून एकदा पाइपने धुवा, आणि पावसाळ्याच्या आधी फ्रेमची ती खालची भोकं काडीने मोकळी करून घ्या, धूळ आणि मेलेले किडे भरून ती नेमकी पहिल्या पावसातच तुंबतात.